थाप पडलेलं नाव

दोर्तेआ चिडली की कसावा किसायला बसते. तिच्या अंगणातून किसणीचा खसाखसा आवाज आला की आमच्या ओहोइलेर गावातले लोक वाट वाकडी करून विहिरीवर जातात. आमचा कसावा कडू, विषारी. किसून पोत्यात भरायचा, वर धोंडे ठेवायचे आणि पाणी पार पिळून काढायचं, तेव्हा कुठे त्याची भाकरी पोटात घालता येते. बाकीच्या बायका धोंडे ठेवतात आणि गप्पा मारायला जातात. दोर्तेआ स्वतःच पोत्यावर बसते. "विष आहे ते, त्याला एकटं सोडायचं नसतं," असं तिचं म्हणणं.

ती माझी थोरली चुलत बहीण. थोरल्या बहिणीला आम्ही उसी म्हणतो, म्हणून ती माझी उसी दोर्तेआ आणि मी तिची फेमी. जीभ अशी की पाद्रीबुवांनाही तिने भर प्रार्थनेत सुनावलं होतं, "स्वर्ग पुढच्या रविवारी पुरा करा, माझे मासे धुरावर टांगलेत." भांडायला कोणी सापडलं नाही तर डुकराशी भांडेल. पण गळा असा की ती गायला लागली की तिच्याशी उभा दावा असलेली बाईसुद्धा हातातलं काम खाली ठेवते. गावात कुणाला समुद्राने नेलं की हाक द्यायला तीच पुढे असायची.

हाक काय ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. समुद्राने माणूस नेला आणि देह परत दिला नाही, तर बायका ओहोटीला किनाऱ्यावर उभ्या राहतात. एकजण पुढे गाते, बाकीच्या सूर ओढतात. "ये, किनाऱ्याला ये, तुझी उशी मऊ करून ठेवली आहे." मग त्या माणसाचं पूर्ण नाव, बापासकट, कुळासकट. नावापाठोपाठ ढोलावर थाप पडते. थाप पडली की नाव समुद्राला पोचलं, नाही पडली तर ते नुसतं तोंडचं वारं. ढोल माझ्याकडे, माझ्या आईकडून आलेला. नाव पोचलं की माणूस तळातून उठून येतो. आपण त्याची उशी चर्चच्या मागे पुरतो, तो तिच्यावर डोकं टेकतो, संपलं. त्यानंतर ते नाव कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर तो पुन्हा उठून बसतो आणि त्याला आपली उशी काही केल्या सापडत नाही. पाद्रीबुवा याकडे कानाडोळा करतात. त्यांच्या काकांची उशीही तिथेच आहे.

म्हणून दोर्तेआच्या नवऱ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो कुपा मासळीसाठी खडकांच्या पलीकडे गेला आणि होडी तेवढी उपडी सापडली. आम्ही हाक द्यायला उभ्या राहिलो, आणि नेमकी त्याच सकाळी ती पांढरी बोट आमच्या बेटाला पहिल्यांदा लागली. लहानशीच होती. मोठ्या बोटी आमच्या खडकांतून आत येऊच शकत नाहीत. तिच्यातून रबराच्या होड्या निघाल्या, त्यांत नारिंगी जाकिटं घातलेली परदेशी माणसं. हाक अर्ध्यावर तोडता येत नाही, तोडली तर माणूस वाटेतच राहतो. आम्ही गात राहिलो. ती माणसं गुडघाभर पाण्यात उतरली, नेमकी तिथे जिथून त्याने यायचं होतं, आणि माझ्या ढोलावर ताल धरून टाळ्या वाजवायला लागली. एक बाई तर नाचलीसुद्धा.

दोर्तेआचे डोळे मिटलेले होते. हाक देणारीने डोळे उघडायचे नसतात. आणि कुणीतरी तिचे दोन्ही हात हातात घेतले. ओले, थंड हात. तिचा आवाज त्या क्षणी कसा झाला ते मी ऐकलंय, मला ते विसरता येत नाही. तिने डोळे उघडले. समोर लाल नाकाचा एक परका म्हातारा होता, भारावलेला, तिचे आभार मानत होता.

बोटीचा गाईड आर्डी, जावाकडचा तरुण माणूस, तिथेच उभा होता. त्याला आमची जुनी भाषा येत नाही. त्याने बापाला विचारलं. बापा हे नाव नव्हे, गावप्रमुखाला आम्ही तसं म्हणतो, आणि हा बुडालेल्याचा सख्खा थोरला भाऊ.

"काय म्हणताहेत या?"

"या, किनाऱ्याला या, असं म्हणताहेत," बापा म्हणाला.

"म्हणजे स्वागतगीत!"

"हो," बापा म्हणाला, "स्वागतच."

अर्धी ओळ सांगितली आणि अर्धी गिळली. त्या दिवसाचं मी त्याला माफ केलं असतं. भाऊ गेलेला, परके लोक दारात, माणूस गोंधळतो. आम्ही हाक पुरी केली, त्याच्या भावाची उशी पुरली. पण पुढच्या हंगामात बोट पुन्हा आली, आणि आर्डीने उतरल्याबरोबर स्वागतगीत मागितलं. बोटवाल्यांनी दवाखान्याला पत्रे दिले होते, सौर दिवे दिले होते, आणखी देऊ म्हणत होते. बापा दोर्तेआच्या अंगणात आला. ती पोत्यावर बसली होती. मी कसावा सोलत होते.

"नुसतं गाणंच तर आहे, दोर्तेआ. शब्द त्या लोकांना कुठे कळतात?"

"ज्याला कळायचे त्याला कळतात, भाऊजी. तो खाली झोपलाय तिकडे."

"गावाचं भलं होतंय. दवाखाना गळायचा थांबला, तुला दिसत नाही?"

"दिसतं ना. त्याच दवाखान्यात कान तपासून घ्या तुमचे. मी नाही म्हणाले."

"बरं, निदान..."

"दुसरं नाव घालू? सांगा, तुमच्या पोराचं घालू?"

बापा हळूच म्हणाला, "नावही तेच लागेल. आर्डीकडे रेकॉर्डिंग आहे. बोटीवर पाहुण्यांना येताना तेच ऐकवतात. वेगळं काही ऐकू आलं तर त्यांना खोटं वाटेल."

"खोटं वाटेल!" दोर्तेआ म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं ऐकून डुकरं कुंपणाला जाऊन चिकटली.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिलेत, पण सख्ख्या भावाच्या टाळूवरचं खाणारा हा पहिलाच. दोर्तेआ गेली नाही, मीही ढोल दिला नाही. तेव्हा बापाने आपल्या सुनेला पुढे उभं केलं. तिचा आवाज म्हणजे भांडं घासल्यासारखा. आणि ढोल? ढोल तो शेजारच्या गावातून मागून घेऊन आला आणि गळ्यात अडकवला स्वतःच्या. डोक्यावर पिसांचा टोप होता, असला टोप आमच्या बेटावर कुणाच्या बापजाद्यांनी घातला नाही, तो त्याने अंबोन शहरातल्या दुकानातून आणला होता. सुनेने नाव घेतलं, आणि त्याने आपल्या हाताने भावाच्या नावावर थाप मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून बोट येऊन गेली की दोर्तेआ आपली उशी दाराबाहेर उंबऱ्याशी ठेवायची आणि स्वतः नुसत्या चटईवर झोपायची. मान आखडायची तिची. दिवसभर एका अंगाला मान कलती ठेवून मासे उलटायची.

"उसी, वेडेपणा आहे हा," मी म्हणाले.

"त्याला उठवलंय ना? मग येईलच की तो. आल्यावर डोकं कुठे टेकेल? माझ्या मांडीवर? मेलेल्याला मांडी तरी कुठे दिसते!" आणि मग ती रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. रडता रडतासुद्धा मला म्हणाली, "बघत काय बसलीस, मासे करपताहेत."

बोट येत राहिली, आणि उशी उंबऱ्यावर जात राहिली. मग एका हंगामाच्या तोंडावर ती आपणहून बापाच्या घरी गेली.

"भाऊजी, मी गाते. तुमच्या सुनेच्या आवाजाने मासे पळून चाललेत. फक्त ढोल फेमीचा."

बापाला वाटलं, आली वळणावर. सगळ्या गावाला तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पण ढोल घेऊन गेले, कारण तिने सांगितलं होतं.

सकाळ स्वच्छ होती. होड्या आल्या, जाकिटं उतरली, बापा टोप घालून हात पसरून पुढे उभा राहिला. दोर्तेआने डोळे मिटले आणि सुरू केलं. इतकं सुंदर ती पूर्वी कधी गायली नव्हती. आर्डीने फोन उंच धरला. "ये, किनाऱ्याला ये, तुझी उशी मऊ करून ठेवली आहे." आणि मग तिने नाव घेतलं.

नवऱ्याचं नव्हे. समोर टोप घालून उभ्या असलेल्या बापाचं. पूर्ण, वडिलांसकट, कुळासकट.

बायकांचा सूर मध्येच तुटला. बापाच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढायला तो विसरला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. माझ्या लेकीचा तो धर्मपिता. माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा रात्रभर होडी वल्हवून डॉक्टर आणणारा माणूस. सगळं आठवलं मला. आणि त्याचा तो हातही आठवला, भावाच्या नावावर पडलेला.

मी थाप मारली. चांगली चामड्याच्या मधोमध.

पाहुण्यांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! आर्डी आनंदाने ओरडला, "झकास! पुन्हा एकदा, पुन्हा!" मग दोर्तेआने पुन्हा म्हटलं, आणि मी पुन्हा वाजवलं.

पुढचे काही दिवस बापा गावभर ओरडत फिरला. म्हणे, ही चेष्टा आहे, म्हणे मी जिवंत आहे, हे बघा, चिमटा काढा. लोक ऐकून घ्यायचे, पण नावाने कुणी बोलवायचं नाही. त्याला होडीत कुणी घेईना. समुद्राला नाव दिलेला माणूस होडीत घेऊन मरायचंय कुणाला? त्याची बायको मोठी व्यवहारी. तो अंगणात शिव्या देत होता तेवढ्यात तिने त्याची उशी उचलली, चर्चच्या मागे नेऊन पुरली आणि परत येऊन हात धुतले.

"अगं, मी मेलो नाहीये!"

"नसाल," ती म्हणाली. "पण थाप पडली ती पडली. नावाने तुमच्या आंघोळ झाली आता. जेवायला बसा."

मेलेला माणूस गावप्रमुख राहत नाही. दुसरा निवडला गेला. याला सगळे आता "अहो" म्हणतात, बायकोही, पाद्रीही. कुठलं नवं नाव घ्यायचं ते तो अजून ठरवतोय.

बोट पुन्हा आली. आर्डीला कोणी काही कळवलं नव्हतं. तो होडीतून उडी मारून उतरला, किनाऱ्यावर कुणी नाही, बायका नाहीत, टोप नाही. बापा वर जंगली बदामाच्या झाडाखाली बसलेला त्याला सावलीत दिसला नसावा. आर्डीने तोंडाशी हात धरून त्याला हाक मारली, नावाने. बापाने मान वर केली, तोंड उघडलं, आणि मिटलं. किनाऱ्यावरून नावाने आलेल्या हाकेला ओ कोण देतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत? आर्डीने आणखी जोरात हाक मारली. पाहुण्यांना गंमत वाटली. तेही ओरडायला लागले, ते नाव तोडून तोडून, तालात, टाळ्या वाजवत. बापा दोन्ही हातांनी झाडाचं मूळ धरून बसला होता.

मी हे सगळं दोर्तेआच्या अंगणातून पाहत होते. ती पोत्यावर. बराच वेळ तिने ऐकून घेतलं.

"फेमी, तुझा ढोल घरात आहे ना?"

"आत आहे."

"आतच राहू दे."

मग ती उठली. ती पोत्यावरून मध्येच उठलेली मी कधी पाहिली नव्हती. घरात जाऊन उशी घेऊन आली, तीच, उंबऱ्यावरची, पावसाने डाग पडलेली. सरळ झाडाखाली गेली आणि ती त्याच्या मांडीवर टाकली.

"घ्या, भाऊजी. ज्याच्यासाठी ठेवत होते त्याला आता कुणी उठवत नाही, तो झोपलाय. कसं उठून बसायला लागायचं त्याला, ते आज तुम्ही बघा."

तिच्या आवाजात माया नव्हती. बापाने उशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. दोर्तेआ परत येऊन पोत्यावर बसली आणि पोत्यातून पुन्हा पाणी गळायला लागलं. खाली टाळ्या चालूच होत्या.