मुठींवरची सोपटं
केळीच्या खोडाची साल वाळली की तिला सोपट म्हणतात. त्या सोपटाचा वास आला की मला नंदाखाल गावातलं आमचं जुनं घर आठवतं. दुसऱ्याच्या वाडीत राबणाऱ्या माझ्या बापाकडे स्वेटर नव्हता. थंडीत पहाटे भाजी घेऊन निघताना तो सायकलच्या मुठींभोवती सोपटं बांधायचा, म्हणजे बोटांना वारा लागत नसे. कॉलेज शिकलेली मी घरातली पहिली. जव्हारकडच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी क्रूझर मोटरसायकल घेतली. "पोरीच्या जातीला हे धूड झेपणार का? अर्ध्या वाटेत मनोरवरूनच परत येशील गारठून," काका हसले. रुजू व्हायच्या दिवशी, डिसेंबरातल्या पहाटे, बघते तर बापाने चकचकीत मुठींवर सोपटं बांधलेली. "अहो, लोक हसतील तिला," आई म्हणाली. "हसूदेत. बोटं तर चालतील." घाटात धुक्याने हेल्मेटची काच सारखी पुसावी लागत होती, पण क्लचवरची बोटं उबदार होती. कॉलेजच्या फाटकात एका सरांनी विचारलंच, "मॅडम, गाडी आणलीत की केळीचा घड?" सगळे हसले. पहिलाच दिवस, सोपटं ओढून फेकावीत असं वाटलं. मी उलट गाठ आणखी आवळली. "माझ्या वडिलांनी बांधलीत, सर. थंडी सरेपर्यंत राहतील." आणि राहिली. सोपटं दर हिवाळ्यात नवी लागतात. गाडी तीच आहे, आणि त्या कॉलेजात आज मी विभागप्रमुख आहे.