न पडलेल्या बारवेचा अर्ज

शेषेराव अर्जनवीसाचा अर्ज वाचून रडला नाही असा कारकून मुखेडच्या कचेरीत नव्हता, असं शेषेराव स्वतःच सांगायचा. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत, आणि गावात उर्दू लिहिणारा तो एकटा. घराच्या दगडी ओट्यावर मांडी घालून बसायचा, गुडघ्यावर फळी, कानावर बोरू. कुणाचा बैल लंगडा झाला की शेषेरावाच्या कागदावर तो मरायचा. भिंतीला तडा गेला की घर भुईसपाट. "सरकारला थोडं दुखणं ऐकू येत न्हाई," तो म्हणायचा, "म्हणून मोठ्यानं कण्हायचं." तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि कागदावर मेलेले बैल शिवारात बिनघोर चरत होते.

एका साली गावची बारव दुखायला लागली. चारी बाजूंनी पायऱ्या उतरणारी ती शेकडो वर्षांची विहीर. सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. उत्तरेच्या भिंतीतले काही दगड फार पूर्वी कुणीतरी काढून नेले होते, आणि आता ती भिंत पोटासारखी फुगली होती. येत्या पावसात ती आत बसली असती तर झरे बुजले असते, आणि बायकांना घागरी घेऊन कोसभर वाट तुडवत जावं लागलं असतं.

हैदराबादेत जुन्या इमारती सांभाळणारं एक खातं आहे आणि ते दुरुस्तीला इमदाद म्हणून पैसे देतं, ही बातमी व्यंकट पाटलानं आणली. शेषेरावानं दोन दिवस खपून अर्ज लिहिला. अर्जात बारव पार कोसळली. नक्षीचे खांब मोडले, देवळ्या ढासळल्या, नुसता दगडांचा ढीग उरला आणि त्यावर बसून गाव टाहो फोडू लागलं. मराठीत ऐकताना पाटलाचे डोळे भरून आले. तो तर सकाळीच तिथलं पाणी पिऊन आला होता.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बारव पूर्ण कोसळली असल्यानं जपण्यासारखं काही उरलेलं नाही, सबब इमदाद नामंजूर. ढिगाचे दगड सडकेच्या कामाला द्यावेत.

शेषेरावाचं तोंड उतरलं. "बैलं मारता मारता बारव मारली की गं मी," तो बायकोला म्हणाला.

गोदावरीनं पीठ मळता मळता वर पाहिलं. "बैलं बघाया कुणी येत नव्हतं. आता येतेत."

आणि आलेच. सडकेचा दरोगा चार गाड्या अन् पहारी घेऊन दारात हजर. खरं सांगावं तर सरकारला खोटं लिहिल्याचा गुन्हा, न सांगावं तर बारव जाणार. शेषेराव दारातच घुटमळला. गोदावरीनं मात्र उन्हातून आलेल्या दरोग्याला बारवेच्या पायरीवर सावलीत बसवलं आणि गार पाण्याचा तांब्या पुढं केला. दोन तांबे पिऊन त्यानं खांब न्याहाळले, मग हातातला कागद न्याहाळला.

"ही तर उभी आहे. पडकी कुठंय?"

शेषेरावाची तीस वर्षांची अक्कल एकदम जागी झाली. "ती ही न्हाई साहेब! पडकी हुडकाया पाहिजे. चला."

मग त्यानं दरोग्याला वैशाखाच्या उन्हात सगळं शिवार फिरवलं. बाभळीचं बन झालं, ओढा झाला, वारुळं झाली. "म्हातारी माणसं हितंच म्हणून सांगतेत," असं तो प्रत्येक खड्ड्याशी थांबून गंभीरपणे म्हणायचा. पाचव्या खड्ड्याला दरोग्यानं हात जोडले. बारवेवर परतून त्यानं आणखी एक तांब्या रिकामा केला आणि शेरा लिहिला, 'गावात एक बारव उत्तम असून तिची भिंत फुगली आहे, दुरुस्त व्हावी. पडकी बारव झाडीत असावी, सापडली नाही.'

तो शेरा जोडून शेषेराव नवा अर्ज लिहायला बसला. गोदावरी शेजारी ठाण मांडून. त्यानं 'टाहो' वाचला की ती खोडायला लावायची. शेवटी चार ओळी उरल्या. भिंत किती हात फुगली, पायऱ्या किती ढिल्या, पाणी गोड आहे, येऊन पाहावं. इतकं खरं लिहिताना त्याला घाम फुटला.

इमदाद मंजूर झाली! गावानं गूळ वाटला. शेषेराव ओट्यावर उभा राहून हुकूम मोठ्यानं वाचू लागला आणि शेवटच्या ओळीला अडखळला. चुना आणि गवंड्याची मजुरी सरकार देईल. दगड मात्र त्याच गावातल्या पडक्या बारवेचे वापरावेत.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्या बारवेचा बाप तोच.

"आता कुठून आणता, पंत?" पाटलानं विचारलं.

गोदावरी ओट्यावरून खाली उतरली आणि ओट्याच्या कडेचं सारवण खुरप्यानं खरवडू लागली. पोपडा निघाला. आत दगडावर कोरलेल्या हंसांची रांग होती, उलटी बसवलेली. बारवेच्या भिंतीवर होते तेच हंस.

"लग्न होऊन आले तवापासून ह्यावर सारवून राहिले," ती म्हणाली. "तुमच्या आज्यानं हा ओटा कुठून आणला, कधी इचारलं का?"

शेषेराव आधी ओशाळला, मग पोट धरून हसला. तीस वर्षांत अर्जातलं पहिलंच मढं खरं निघालं होतं आणि तो त्याच्यावरच बसून लिहीत होता. पहिली पहार त्यानं स्वतः मारली.

पुढं जन्मभर तो बारवेच्या पायरीवर बसून अर्ज लिहायचा. बैल लंगडा असेल तर लंगडाच. कुणी नवखा "जरा मारून टाका की, पंत" म्हणाला, तर शेषेराव बोरू खाली ठेवायचा.

"मारतो की. पण सरकार कातडं मागाया आलं, तर बैल देशील का?"