पाहुण्यांचा भात

आईच्या निवृत्तीच्या जेवणात फ्राइड राइस कोणी करायचा, हा प्रश्न आमच्या घरात कोणीही मोठ्याने विचारला नव्हता. मला मात्र तो त्या महिनाभर सतत ऐकू येत होता. शाळेतल्या सहकारी शिक्षिकांना घरी जेवायला बोलवायचे, हे आईने ठरवले होते. पुरी-भाजी आणि श्रीखंड केटररकडून येणार होते. ‘भात मात्र घरचाच,’ असे ती म्हणाली आणि पुढचे वाक्य तिने पूर्ण केले नाही.

वर्षभरापूर्वी ते वाक्य पूर्ण करण्याची गरजच पडली नसती. अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेतला त्या उन्हाळ्यापासून फ्राइड राइस हा माझा पदार्थ होता. पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले, एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली, पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू केली. पण घरातल्यांना माझ्याविषयी ठामपणे सांगता येईल अशी गोष्ट विचारली, तर उत्तर तेच असे: ‘तिचा फ्राइड राइस कधी बिघडत नाही.’

तो बिघडत नसे, कारण मी बिघडण्याच्या जागा बंद केल्या होत्या. भात आदल्या संध्याकाळी शिजवायचा, ताटात पसरून गार करायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. थंडीत दाण्यातला स्टार्च आखडतो आणि दाणा मोकळा राहतो. सोया सॉसमध्ये मीठ असतेच, म्हणून वरचे मीठ निम्मे. पांढरी मिरपूड भाज्यांनंतर. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर, नाहीतर ते उडून जाते. नॉनस्टिक पॅन, मोठी आच, सतत हलवणे. शेवटी पॅन इतका स्वच्छ राही की त्यात दुसऱ्यांदा भात केला तरी चालावे. मला त्या स्वच्छ पॅनचा अभिमान होता.

मग भावाचे लग्न झाले आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची वहिनी घरात आली.

वहिनी पतसंस्थेत नोकरी करते, हिशेबात पक्की आहे. स्वयंपाकात मात्र ती काहीच मोजत नाही. पहिल्याच रविवारी तिने सकाळचा उरलेला भात हाताने मोकळा केला, लोखंडी कढईत तेल तापवले, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता टाकला, कोबी, ढोबळी मिरची, सोया सॉस आणि वर मूठभर शेंगाचटणी. फ्राइड राइसमध्ये शेंगाचटणी! मग त्यावर झाकण ठेवले आणि आच मंद केली. झाकणाखाली वाफ धरते आणि भात ओला होतो, हे मी तिला सांगितले.

‘व्हय? होऊ दे की वन्सं. कोरडा भात घशात अडकतोय.’

त्या दिवशी आईने दोनदा वाढून घेतला. तिसऱ्यांदा वहिनी वाढायला लागली, तेव्हा आईने हात आडवा केला आणि हसत म्हणाली, ‘साकु, साकु.’

साकु म्हणजे पुरे. वहिनीच्या माहेरचा कन्नड शब्द. आयुष्यभर मुलांच्या निबंधांतली भाषा सुधारणाऱ्या माझ्या आईने तो चार दिवसांत उचलला होता. माझ्या भाताला ती नेहमी ‘छान’ म्हणे. तोपर्यंत ते मला पुरत होते.

मत्सराविषयी मी नंतर बराच विचार केला. प्रयोगशाळेत कोणाचा निष्कर्ष माझ्यापेक्षा चांगला आला, तर मला त्रास होत नाही. त्याची पद्धत मागून घेता येते. वहिनीचा भात दर वेळी वेगळा होई. कधी तिखट, कधी नुसताच लसणीचा. तरी तो दर वेळी आवडे. ज्याची पुनरावृत्ती होत नाही त्याच्याशी स्पर्धा कशी करायची, हे मला कळत नव्हते आणि राग त्याचाच येत होता.

म्हणून वहिनी माहेरी गेली असताना एका शनिवारी मी तिचा भात केला. सगळे तिच्यासारखे: उरलेला भात, कढीपत्ता, शेंगाचटणी. फक्त पॅन माझा आणि झाकणाची चूक मी दुरुस्त केली. शाळेतून आलेल्या आईला बशी दिली आणि शेजारी उभी राहिले.

‘अगं, ही आली का परत? उद्या येणार होती ना?’

‘मी केलाय.’

‘तू? अगदी तिच्यासारखा झालाय गं!’ आई खरोखर खूश होऊन म्हणाली.

ते कौतुक कोणाचे होते हे मला न विचारताही कळले. उरलेला भात मी भावाच्या डब्यात घातला.

कार्यक्रमाच्या आठवड्यात एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईने निर्णय दिला. ‘पाहुण्यांचा भात तू कर. वीस माणसं आहेत, ऐनवेळी धोका नको. घरच्यांपुरता ही करील.’

‘बरं झालं बाई,’ वहिनी म्हणाली. ‘मास्तरणींनी मला शाळेतल्यावानी उभं केलं असतं. वन्सं, तुमीच पुढं व्हा.’

मी जिंकले होते. तो आनंद लपवण्यासाठी मी उगाच कोथिंबिरीच्या काड्या पुन्हा निवडल्या.

जेवणाच्या दिवशी माझा भात माझ्या अपेक्षेप्रमाणेच झाला. दाणा मोकळा, रंग एकसारखा, मीठ नेमके. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, ‘हॉटेलातून आणलाय का?’ आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, ‘माझ्या मुलीनं केलाय.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वहिनी तेव्हा पाण्याचे ग्लास फिरवत होती. मी तिच्याकडेही पाहिले, हे मी नाकारणार नाही.

पाहुणे गेले, घरच्यांची जेवणे उरकली. मी रिकामे पातेले घेऊन स्वयंपाकघरात आले, तर वहिनी ओटा आवरत होती आणि आई फरशीवर बसली होती. अंगावर अजून सत्काराची पैठणी, पदर खोचलेला, समोर वहिनीची कढई. ती उलथन्याने तळाची खरवड काढून खात होती. शेंगाचटणीच्या तेलात मंद आचेवर लागलेला, तांबूस, कुरकुरीत भात.

‘आई, ताटात घे ना. काय हे!’

‘ताटात मजा नाही. लहानपणी आम्ही बहिणी कढईवरून भांडायचो.’ तिने आणखी एक तुकडा सोडवला. ‘तुझ्या पॅनला काही लागतच नाही गं. नाहीतर तुझीही खाल्ली असती.’

‘इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’

‘सांगायचं काय त्यात? तू विचारायचीस, कसा झालाय? छानच झालेला असायचा.’

तांदळातला स्टार्च, शेंगदाण्याची प्रथिने, झाकणाखालची उष्णता: तो थर कसा तयार होतो, हे मी त्या दोघींना नीट समजावून सांगू शकले असते. ज्याला मी चूक म्हणत होते त्याच झाकणाने तो थर दिला होता. आणि माझी आई माझ्या समोर, माझ्या यशाच्या दिवशी, दुसरीच्या कढईशी मांडी घालून बसली होती.

‘वन्सं, बसा की,’ वहिनी ओट्याजवळून म्हणाली. ‘अजून गरम हाय. अत्त्या समदं संपवतील बघा.’

‘मी जेवलेय.’

‘खरवड खायला पोट लागत न्हाय.’

मी बसले. कढई माझ्याकडे ओढली. मधला सर्वांत जाड तुकडा आईने शेवटासाठी राखला होता, हे दिसत होते. उलथने तिच्या हातातून घेऊन मी नेमका तोच सोडवला आणि तोंडात टाकला. आई बघत राहिली.

तो फार चांगला होता. कुरकुरीत, खमंग, कडेला किंचित करपलेला. आणि मला तसा करता येत नव्हता.

‘मीठ जरा जास्त झालंय,’ मी म्हणाले आणि कढईच्या कडेचा दुसरा तुकडा खरवडू लागले.