चार्ज न होणारी बॅटरी आणि वसंताची माय

मंडळी, आधीच सांगून टाकतो... भूत, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरातला देव्हारा माझ्या लहानपणीच नदीत सोडला होता, अशा घरात वाढलोय. वर चाळीस वर्षं वाशीमला बॅटऱ्यांचं दुकान चालवलं. ज्याला करंट कळतो त्याला चमत्कार पटत नाही. तरी एक गोष्ट आहे... गाव सोडल्यापासून फक्त बायकोला सांगितली होती.

मागच्या आठवड्यात नातीचा लॅपटॉप चार्ज होईना. मी सवयीनं क्रम धरला – आधी प्लग, मग वायर, मग चार्जर, सगळ्यात शेवटी बॅटरी. वरचं सगळं ठीक, आणि बॅटरी काही चार्ज घेईना. नुकताच तो कुठेतरी दुरुस्तीला देऊन आणला होता. नात सहज म्हणाली, "आबा, कोणी बॅटरी बदलली तर नसंन?" आणि माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचं गाव जऊळका स्टेशनापासून चार मैलांवर. मी बावीस वर्षांचा, नाव प्रल्हाद, पण सगळे परल्याच म्हणायचे. आमच्या वस्तीत वीज नव्हती, म्हणून विहारासाठी लोकांनी बॅटरीवर चालणारा माइकसेट घेतला होता – मशीन, माइक, एक भोंगा आणि काळ्या डब्याची बॅटरी. सेट माझ्या ताब्यात. बॅटरीवर पांढऱ्या रंगानं विहाराचं नाव लिहिलं होतं ते माझ्या जिवलग दोस्तानं, वसंतानं. गावातल्या पाट्या तोच रंगवायचा.

त्या माइकवर बोललेली पहिली बाई म्हणजे वसंताची माय, गोदामाय. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण माइक हातात आला की घाबरायची नाही. "बायांनो, चला वो... वंदना सुरू होऊन राह्यली!" अर्ध्या शिवारात ऐकू जायचं. मला माय नव्हती. तिच्या हातची भाकर मी वसंताच्या बरोबरीनं खाल्ली आहे.

त्या हिवाळ्यात गोदामाय तापानं गेली. वसंता तेव्हा घरी नव्हता. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याकडे त्याला नुकतंच ट्रॅक्टर चालवायचं काम मिळालं होतं आणि तो नांगरटीला बाहेरगावी गेला होता. आला तेव्हा तिला झाकून ठेवलं होतं.

आणि त्याच सुमाराला बॅटरी बिघडली. दहा मिनिटं चालायची, मग आवाज घोगरा होत होत बंद. मी ती पोत्यात गुंडाळून डोक्यावर जऊळक्याला नेली, तिथून गाडीनं वाशीमला. ॲसिड झिरपून सदऱ्याला भोकं पडली. स्टेशन रोडला रहीमचाचांचं चार्जिंगचं दुकान होतं. त्यांनी टर्मिनल घासले, डिस्टिल वॉटर भरलं, दोन दिवस चार्जिंगला लावली. तिसऱ्या दिवशी पाणी तपासायची काचेची नळी प्रत्येक खान्यात घातली. आतला तरंगता काटा बुडालेला, म्हणजे चार्ज नाहीच. चार्जर बदलला, पुन्हा दोन दिवस... पुन्हा तेच.

"बेटा, ये तेरी नहीं है," चाचा म्हणाले. "तू दीड साल की बोलता. इसकी प्लेटें तो कबकी गल गई."

"माहीच हाये चाचा. नाव पाहा ना."

"नाम तो कोई भी लिख सकता है."

मला रागच आला. नाव वसंतानं लिहिलेलं... मी बॅटरी उचलून गावी आणली.

चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम माइकशिवायच झाला आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली. परल्यानं नवी बॅटरी विकली, जुनी आणून ठेवली. दौलतबाबा म्हणजे विहार कमिटीचे प्रमुख. त्यांनी बैठक बोलावली.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी विहारात सेट उघडून बसलो होतो. वसंता मदतीला आला होता. भर दुपार, एप्रिलचं ऊन. बाहेर चिटपाखरू नाही. आता नीट ऐका, कारण हे मी हजार वेळा मनात तपासलंय. बॅटरी बाहेर ओट्यावर उन्हात होती. मशीनचं झाकण काढलेलं. भोंगा मी पुसायला खाली उतरवला होता, फरशीवर आडवा पडलेला, त्याची वायर गुंडाळून माझ्या मांडीवर. कशालाच काही जोडलेलं नव्हतं.

भोंगा खरखरला. माइक चालू केल्यावर होते तशी खरखर... मग श्वास. आणि मग –

"वसंता... जेवून घे बापा. वाट पाहून राह्यली मी."

एवढंच. मोठा आवाज नाही. चुलीपुढून हाक मारावी तसा.

वसंताच्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडून घरंगळत दारापर्यंत गेला. त्याच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

"माय होय थे," तो म्हणाला. आणि भिंतीला टेकून लहान लेकरासारखा रडायला लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. ट्रॅक्टरची बॅटरी गेली होती. मालक म्हणाला, चांगली बॅटरी आणून दे, उद्यापासून ट्रॅक्टर तुझ्या हाती. मी एका लग्नाला गेलो होतो तेव्हा यानं माझ्या घरून विहाराची बॅटरी नेली, ट्रॅक्टरची मेलेली बॅटरी तिच्या जागी ठेवली, नाव रंगवलं.

"त्याच ट्रॅक्टरवर होतो गा मी, माय गेली तवा. ताट झाकून ठेवलं होतं तिनं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही रडलो. तो म्हणाला, "उद्या बैठकीत मीच सांगतो. तू काही बोलू नोको." मी म्हणालो, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार भरला. दौलतबाबांनी विचारलं, "परल्या, बॅटरी कुठं गेली?" मी वसंताकडे पाहिलं. तो आपल्या पायाचा अंगठा पाहत होता. मी थांबलो.

"वसंता, तुले काही माहीत हाये काय?" बाबांनी विचारलं.

"मले काय माहीत बाबा," तो म्हणाला. "बॅटरी तं परल्याच्या घरी राह्यते."

तो आवाज अगदी सरळ होता, मंडळी. कापलासुद्धा नाही.

मग माझं भान सुटलं. मी सगळं बोलून टाकलं. ट्रॅक्टर, रंग, आणि तो आवाजही. "वसंता, तुह्या मायची हाक तू ऐकली ना रे? सांग ना!"

"कसली हाक?" वसंता म्हणाला. "मी काहीच ऐकलं नाही. याच्या डोक्यावर परिणाम झाला वाटते."

लोक उसळले. विहारात बसून भुताच्या गोष्टी सांगतो म्हणून. ट्रॅक्टरवरची बॅटरी तपासायला कोणी गेलं नाही... बड्या माणसाच्या वाड्यात जाऊन कोण विचारणार? माझ्या बापानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. दारात आल्यावर म्हणाला, "बॅटरी विकली असती तरी मी माफ केलं असतं. भूत कायले घेऊन आला तू तिथं?"

आठवड्याभरात मी गाव सोडलं. रहीमचाचांनी काही न विचारता कामावर ठेवलं. पुढे ते दुकान मीच चालवलं. बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला, पण त्या दिवसाबद्दल कधीच नाही.

वसंता पुन्हा भेटला तो पंचवीस वर्षांनी, वाशीमच्या बसस्टँडवर. केस पांढरे, गालफडं बसलेली. आसेगावकडे लेकीजवळ राहत होता. माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"चुकलंच माह्यं," मग म्हणाला. "बॅटरीचं. अन् त्या बैठकीतलं तं जास्तच."

मी स्टँडवरच्या गाड्या पाहत बसलो.

"एक विचारू काय परल्या? त्या दिवशी माय काय बोलली होती गा? आवाज ध्यानात हाये... शब्द गेले. रोज आठवून पाहतो, येतच नाहीत. तूच होता तिथं."

मला एकूण एक अक्षर आठवत होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण मला तो विहार दिसला, बापाची खाली गेलेली मान दिसली...

"इतकं जुनं कोणाच्या ध्यानात राह्यते गा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याच्या वाटेची मंगरुळपीरची गाडी लागली, तो हळूहळू चढला. त्याच पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

आता तुम्ही म्हणाल, जवळपास कुठे रेडिओ असेल. उन्हाची झळ, भास. मीही हे सगळं धरून पाहिलं. दुकानात शेकडो भोंगे हाताळले, सुटे, तुटके, उन्हात ठेवलेले. एकही कधी हुं की चूं बोलला नाही. रेडिओवर कोणी वसंताला जेवायला बोलावत नाही. आणि भास एकाला होतो म्हणावं, तर वसंता रडला कशाला? त्यानं तेच शब्द ऐकले होते का, हे तरी कळलं असतं... पण ते मी त्याला कधी विचारलंच नाही. एकच साक्षीदार होता. आधी तो फिरला, मग मी.

भोंगा कसा बोलला याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, मी वाचतो. पण रात्री जे खुपतं ते हे नाही. जेवून घे, एवढंच तर म्हणाली होती ती... त्या बाकावर सांगून टाकलं असतं, तर माझं काय जाणार होतं?