कुंकू लागलेली कॉइल

महाळुंग्याच्या आमच्या छोट्या कंपनीत मी केसाएवढ्या बारीक तारेच्या कॉइल डिझाइन करते. तांदळाच्या दाण्याएवढी कॉइल, तिच्यातून जाणारी काचेची नळी, नळीत औषधाचा थेंब. हे सगळं मोठ्या चुंबकात ठेवलं की थेंबातल्या अणूंचा बारीकसा सिग्नल कॉइल पकडते आणि स्क्रीनवर रेघ उमटते. रेघ जितकी टोकदार, तितकी कॉइल चांगली. लोखंडाची धूळ चिकटली तरी रेघ बिघडते, म्हणून आमचं सोवळं भारी कडक.

आईनं पिंपळे गुरवच्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम केलं. मी केलेली पहिली कॉइल तिला दाखवायला घरी नेली, ती नेमकी खंडेनवमीला. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात तिनं पाने-पकडींच्या रांगेत कॉइलही मांडली आणि हळदकुंकू लावून मोकळी झाली.

"अगं, वाया गेली ना ती!" मी कपाळावर हात मारला.

"व्हय? आमच्या मोटारी न्हाई कधी वाया गेल्या. तुझ्या कॉइलचाच लई नखरा हाय बाई."

दुसऱ्या दिवशी तपासली, तर रेघ भाकरीसारखी पसरलेली. कुंकवात काहीतरी होतं, नाहीतर तिच्या बोटांवरच्या वर्कशॉपच्या धुळीत. मी चरफडत दुसरी कॉइल केली, पण कुंकवाची ती पहिली टाकून द्यायला हात धजावला नाही.

आता आई नाही. तिची आठवण भलत्या वेळी येते, तार गुंडाळताना तर हमखास.

परवा एका गिऱ्हाइकाला तसलीच कॉइल तातडीनं हवी होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला माझ्या खणात आईची ती कॉइल सापडली.

"मॅडम, कसला तरी लाल डाग आहे. धुऊन घेतो, लगेच देता येईल."

"हात लावू नकोस तिला!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळे वळून बघायला लागले. बिचाऱ्यानं ती गुपचूप खाली ठेवली. मग जेवण बाजूला ठेवून मी गिऱ्हाइकासाठी नवी कॉइल गुंडाळून दिली.

ती तपासून रवाना झाल्यावर चुंबक मोकळं होतं. मी आईची कॉइल त्यात ठेवली. स्क्रीनवर रेघ उमटली, पसरट, अगदी तेव्हाची. आईचं बोट अजून तिथंच होतं. एवढी खराब रेघ मी कुणाला दाखवली नसती, पण तेव्हा फार वाटलं, आई शेजारी हवी होती, नावं ठेवायला.