वैनगंगेची ओटी

१९९८ च्या अनंत चतुर्दशीला दुपारी माझ्या वडिलांनी घरी बांधलेली छोट्या लाइनीची, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची, प्रतिकृती चंद्रपूरच्या एका तलावात विसर्जित करण्यात आली. तिच्यात वडसा स्टेशन, वैनगंगेवरचा पूल आणि अर्धवट राहिलेलं ब्रह्मपुरी स्टेशन होतं. इंजिन जर्मन होतं. बाकी सगळं घरचं.

वडील त्या लाइनीवर गार्ड होते. रूळ रुंद करायचं काम निघालं, छोट्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद झाल्या आणि पाठोपाठ ते निवृत्त झाले. मोठ्या लाइनीत जुन्या स्टेशनांचं काय होईल हे सांगता येत नव्हतं. नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं स्टेशन आणि मधला पूल एवढा टप्पा त्यांना होता तसा घरात हवा होता. आलेखाच्या कागदावर त्यांनी तो आठवणीतून काढला. सिग्नलचा खांब, पाण्याची टाकी, पळसाची झाडं. नदीत पाणी किती दाखवायचं यावर त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी उन्हाळ्यातली वैनगंगा ठरवली. रुंद वाळू आणि एका कडेने धार.

ओळखीतला एक इंजिनिअर कामानिमित्त जर्मनीला गेला होता. त्याने इंजिन, रुळांचं खोकं आणि ट्रान्सफॉर्मर आणून दिला. वडिलांनी इंजिनाची चिमणी कापून नवी बसवली आणि त्याला छोट्या लाइनीचं रूप दिलं. डबे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे होते. एका डब्याच्या आतून ‘आपले नम्र’ एवढी अक्षरं दिसायची.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लाकडी घोड्यांवर प्लायवूडची फळी मांडली गेली आणि माझी खाट तिच्याखाली सरकवण्यात आली. डोंगर कागदाच्या लगद्याचे करायचे होते. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून रद्दी मी आणायची. न्हाणीतल्या बादलीत ती आठवडाभर भिजायची. मग वडील तिच्यात मेथीचं पीठ घालून हाताने मळायचे. बादलीवर पांढरी बुरशी धरायची. खाली हात घातला की बुडबुडा फुटायचा आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. साबणाने हात धुऊन ते जेवायला बसायचे, तरी वरणात मला तो वास लागायचा.

चिकटवायच्या पहिल्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचं राहिलं. झुरळांनी वडशाचा फलाट कुरतडला. पावसाळ्यात एका डोंगराच्या पोटात उंदरीण व्याली. आईने डोंगर उचलला तर आत गुलाबी, बिनकेसांची पिल्लं वळवळत होती. तिने ती चिमट्याने बाहेर काढली आणि चिमटाही फेकून दिला.

“हे घर हाय का उकिरडा?” तिने विचारलं.

“वडसा हाय,” वडील म्हणाले.

गाडी धावायला लागली तरी किळस संपली नाही. चंद्रपुरात कोळशाची पूड झाकल्या ताटावरही बसते. रुळांवर तिचा थर बसला की इंजिन अडायचं. वडील रोज स्पिरिटच्या बोळ्याने रूळ पुसायचे आणि काळे बोळे खिडकीत वाळत ठेवायचे. ते पुन्हा वापरायचे असत. माझ्या उशीवर लाकडाचा हिरवा रंगवलेला भुसा पडलेला असायचा. तो जंगल होता.

१९९८ च्या गणपतीच्या आधी कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले. देखाव्यासाठी त्यांना काही तरी हलतं हवं होतं. त्यांनी गाडी दोनदा फिरवून बघितली.

“गार्डबाबू, लोकाईले दाखवा ना हे. घरात ठेवून लोणचं घालून राह्यले का?”

वडिलांनी लगेच होकार दिला नाही. ब्रह्मपुरीचं यार्ड व्हायचं होतं. पण त्या गाडीने गेलेली माणसं कॉलनीत बरीच होती, आणि आपलं बरोबर आहे की नाही हे त्यांच्याकडून ऐकायची वडिलांना इच्छा होती. त्यांनी एकच अट घातली. दहा दिवसांनी सगळं होतं तसं घरी आलं पाहिजे. अध्यक्षांनी माझ्यासमोर शब्द दिला.

फळी मंडपात मूर्तीच्या पुढ्यात मांडली गेली. पहिल्या दिवशी आरतीनंतर वडिलांनी बटण फिरवलं. गाडी वडशाहून सुटली, वळणावरून आली आणि पुलावर चढली. तेव्हा वडिलांचा हात खिशात गेला. त्यांनी एक नाणं काढलं, नदीत टाकलं आणि हात जोडले.

नोकरीतली सगळी वर्षं ते गार्डाच्या डब्यातून हेच करत आले होते. त्या पुलावर गाडी आली की सगळा डबा खिडक्यांकडे सरकायचा, नाणी खाली जायची, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या. मंडपातल्या लोकांनाही ते माहीत होतं. पुढच्या फेरीला चारपाच नाणी पडली. त्यातलं एक दोन्ही रुळांना टेकलं. गाडी थांबली, ट्रान्सफॉर्मर गुरगुरला आणि जळक्या वायरीचा वास सुटला. वडिलांनी नाणं उचललं आणि असं करू नका म्हणून समजावलं. लोकांनी मान डोलावली. गाडी पुन्हा पुलावर आली, पुन्हा नाणी पडली.

तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांचं माहेर नदीपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. त्यांनी चप्पल मंडपाबाहेर काढली, पूल नीट बघितला आणि वडिलांना सांगितलं की लग्न होऊन त्या इथूनच आल्या, याच पुलावरून. पुलाचे खांब बरोबर आहेत, असंही त्या म्हणाल्या. वडील ज्यासाठी आले होते ते त्यांना मिळालं. मग बाईंनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, सुपारी काढली. नदीची ओटी भरायची होती. वडिलांनी स्वतःच्या हाताने दोन झाडं बाजूला करून जागा दिली.

संध्याकाळपर्यंत ओट्यांची रांग लागली.

नदीची धार खिडकीच्या काचेची होती. काचेखाली रंग आणि कडेला वैनगंगेची खरी वाळू. त्यावर हळदकुंकू, त्यावर तांदूळ, त्यावर कुणी तरी दूध ओतलं. ते काचेच्या कडेने प्लायवूडमध्ये मुरलं. लगद्याचा डोंगर भिजून बसका झाला. केळी काळी पडली. हारांचा चिखल झाला आणि त्यातून मुंग्या वडसा स्टेशनात शिरल्या. पाचव्या दिवशी वास उदबत्तीच्या वर आला. सातव्या दिवशी मी ओला खण उचलून बघितला. खाली तांदूळ हलत होता. अळ्या होत्या. कार्यकर्त्यांनी मंडपाची फरशी पुसायचं फडकं नदीवरून फिरवलं आणि अळ्या ब्रह्मपुरीच्या यार्डात लोटल्या. लोक नाकाला रुमाल लावून रांगेत उभे राहत, पुढे आले की रुमाल काढून नमस्कार करत आणि प्रसादाचा हात फळीच्या कडेला पुसत. तुपाचे आणि बुंदीचे ते डाग मी जवळून बघितले आहेत.

वडील स्पिरिटची बाटली घेऊन रोज जात होते. आठव्या दिवशी त्यांनी बाटली घरी ठेवली. गाडी त्यानंतर चालली नाही. ती पुलावर उभी होती.

चतुर्दशीच्या सकाळी आम्ही दोघे हातठेला घेऊन फळी आणायला गेलो. अध्यक्ष होते, कार्यकर्ते होते, त्या म्हाताऱ्या बाईही होत्या. बाई मंडपाच्या दाराशी आडव्या उभ्या राहिल्या.

“ओटी भरली हाय नदीची,” त्या म्हणाल्या. “आता घरी कशी नेता, भाऊ? तिले बोळवा लागते.”

“फळी माही हाय, बाई.”

“फळी तुमची. नदी तुमची नाई ना.”

मी अध्यक्षांना शब्दाची आठवण करून दिली. शब्द देखाव्याचा होता आणि आता त्याचं निर्माल्य झालं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग ते माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, “अन् पह्यलं नाणं कोनं टाकलं, गार्डबाबू?”

मंडपात माश्यांचा आवाज होता. वडिलांनी निदान इंजिन तरी परत मागितलं. पुठ्ठ्याचे डबे, स्टेशनं, पूल पुन्हा करता आले असते. इंजिन पुन्हा मिळणार नव्हतं.

“त्यातलं काई उचलाचं नाई,” अध्यक्ष म्हणाले. “देवाचं झालं ते.”

वडिलांनी तांब्याची तार मागितली. मांडवाच्या वायरिंगवाल्याकडे ती होती. विसर्जनाच्या ट्रकच्या हिसक्याने इंजिन आडवं पडू नये म्हणून त्यांनी ते पुलाच्या मधोमध रुळाला बांधलं. तारेची गाठ रुळाखाली घेतली. बोटांना लागलेली घाण त्यांनी वाळूत पुसली. मग रिकामा ठेला ओढत ते घराकडे निघाले.

मी ट्रकबरोबर गेलो. तलावाच्या काठावर फळी उतरवण्यात आली. पाण्यात ढकलण्याआधी कार्यकर्त्यांनी काचेवरची नाणी वेचली. बुळबुळीत झाली होती म्हणून पँटला पुसली आणि दानपेटीत टाकली. चांगले नारळ पोत्यात भरले. सुपाऱ्याही वेगळ्या काढल्या. काही उचलायचं नाही असं ज्यांनी सांगितलं होतं ते अध्यक्ष तिथेच उभे होते आणि पोत्याचं तोंड धरून होते. मी त्यांना विचारलं. प्रसाद लागतो, असं उत्तर मिळालं.

नंतर गुलाल उडाला, ढोल पुढे आले आणि फळीभोवती गर्दी झाली. ती पाण्यात गेली तेव्हा इंजिन पुलावर होतं की नव्हतं, हे मला दिसलं नाही. डोंगर लगेच विरघळले. माझ्या दैनिकाची रद्दी पांढरी साय होऊन काठाला लागली. ती माझ्या पायाला चिकटली आणि घरी येईपर्यंत वाळली नाही.

वडिलांनी पुन्हा काही बांधलं नाही. खाट मूळ जागी आली. खोलीतला मेथीचा वास दिवाळीच्या रंगकामानंतरही राहिला. आईने त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही.

पुढच्या मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं. तिथे मासे धरणाऱ्या एका ढिवराने वडिलांना निरोप पाठवला की गाळात रूळ दिसून राह्यले. आम्ही दोघे गेलो. काठापासून आतपर्यंत काळा गाळ होता. त्यात मूर्तींचे हात, जानवी, प्लास्टिकची फुलं, चपला. गाळाला सडक्या मासळीचा वास होता. प्लायवूडचे थर सुटले होते. वडसा नव्हतं, ब्रह्मपुरी नव्हतं. पुलाचे खांब होते आणि त्यांवर रूळ होते.

पुलावर इंजिन नव्हतं. वडिलांनी गुडघ्यावर बसून भोवतीचा गाळ कोपरापर्यंत हात घालून चाचपला. ढिवरानेही जाळं फिरवून बघितलं. खण निघाला, नारळाची करवंटी निघाली. इंजिन निघालं नाही.

मग वडिलांनी रूळ पाण्याने धुतला. तार जागेवर होती. रुळाखालची गाठ त्यांनी घातली तशीच होती. वरची दोन्ही टोकं पकडीने कापलेली होती.