टेरेस क्लिअर

मरोळच्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर माणसं नेण्याचा हुकूम माझा होता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. चौकशीत नाही, घरी नाही, देवापुढेही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. माझं पोस्टिंग घाटकोपरच्या खाडीकडच्या लष्करी कॅम्पात होतं. मी हवालदार. कामी आलेल्या जवानांच्या आईबापांना गावाहून बोलवायचं आणि राजधानी दाखवायची, असं आमच्या मेजरसाहेबांच्या मनात आलं. "ज्या सरकारसाठी पोरगा दिला, ते सरकार बसतं कुठं ते त्यांना दिसू दे," ते म्हणाले. पास काढणं, गाडी, पाणी, जेवण, सगळं माझ्याकडे आलं. मंत्रालय, विधानसभेचं सभागृह, हायकोर्टाची पायरी. परतताना मरोळची ती सहा मजली सरकारी कचेरी. तिथे एक अधिकारी जमिनीच्या कामांची माहिती देत असे.

ती माहिती कुणी ऐकत नसे. सगळ्यांना गच्ची हवी असे, कारण तिथून विमानं उतरताना दिसायची. पासावर गच्ची नव्हती. पहिल्या खेपेला एका म्हातारीने हट्ट धरला, मी नेलं. मग तो रिवाजच पडला. साहेबांना ठाऊक नव्हतं.

माझ्या जोडीला नाईक धोंडू सावंत होता. मालवणचा. आमची भरती एकाच दिवशीची. लोकांसमोर तो मला हवालदारसाहेब म्हणे, एरवी अरे-तुरे. त्याची बायको सुलोचना घाटकोपरला चाळीत राहायची, आणि रविवारी मला तिथे हक्काचं जेवण असायचं.

म्हाताऱ्यांची ती रांग आम्ही गस्तीच्या तुकडीसारखी चालवत होतो. पुढे मी, म्हणजे हेड. शेवटी सावंत, म्हणजे टेल. दोघांकडे एकेक वॉकी-टॉकी सेट. आदल्या दिवशी हेडने सगळी वाट स्वतः चालून बघायची, ही रेकी. हेड 'क्लिअर' म्हणाला की टेलने शंका घ्यायची नाही. डोंगरात याच सवयीने आम्ही जिवंत राहिलो होतो.

त्या खेपेची रेकी मी केली नाही. मुलुंडला बहिणीकडे गेलो, जेवलो, झोपलो. तीच इमारत, तोच जिना. बदलणार काय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा होता. मंत्रालयाच्या लांबलचक व्हरांड्यात एका आजीने सावंतला विचारलं, "एवढ्या खोल्या, आणि चूल एकातपण नाही?"

"आजी, हयसर नुसती फोडणी देतत. शिजता दुसरीकडे," सावंत म्हणाला. सगळे हसले.

एकटे भिकूतात्या हसले नाहीत. चिपळूणकडचे, सत्तरीचे. मुलगा काश्मीरात कामी आला होता. सकाळपासून त्यांचा एकच प्रश्न. "हवालदार, आमच्या बाळाच्या अस्थी इमानानं आणल्या म्हणाले. ते इमान उतरलं ती जागा दिसंल ना?"

"दिसेल, तात्या."

मरोळला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गच्चीचा पहारेकरी एरवी जिन्याशी स्टुलावर बसलेला असे. आज स्टूल होतं, तो नव्हता. जिन्यावर सिमेंटचे पांढरे ठसे दिसले. वर कुठेतरी ताडपत्री फडफडत होती. मी हे सगळं पाहिलं. पाहून पुढे चाललो.

पाचव्या मजल्यावर कचेरीतल्या एका साहेबाने मला अडवलं. पास दाखवा, वर कशाला जाता, कुणी परवानगी दिली. मी त्याच्याशी बोलत राहिलो. रांग जिन्यात खोळंबली. भिकूतात्या सारखे वर बघत होते. मी दोन पावलं बाजूला होऊन सेट उचलला.

"टेल, हेड. मी अडकलोय. तू पुढे हो, पार्टी वर घे. टेरेस क्लिअर. ओव्हर."

सावंतने अशा वेळी कधी उलट विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यालाही ती ताडपत्री ऐकू येत असावी.

"हेड, टेल. काल बघलंस मां नीट? ओव्हर."

"बघितलं. क्लिअर. ओव्हर."

"रॉजर. चला तात्या, तुमचा इमान येता."

तो माझ्या बाजूने वर गेला. म्हाताऱ्यांना हात देत, एकेक पायरी.

पाण्याची नवी टाकी वर ओढून घेण्यासाठी धावपट्टीकडच्या बाजूचा कठडा फोडलेला होता. त्या भगदाडावर बांबू आडवे बांधून ताडपत्री ताणली होती. लांबून ती भिंतच वाटे. हे मला नंतर दाखवलं गेलं. आदल्या दिवशी गेलो असतो तर मीच पाहिलं असतं.

विमानाचा आवाज आला. इतका जवळून, की समोरच्या साहेबाचे नुसते ओठ हलताना दिसले. आवाज सरला. मग वर एक बाई ओरडली.

"टेल, हेड. ओव्हर."

"टेल, हेड. सावंत, बोल. ओव्हर."

मी वर धावलो. भिकूतात्या गच्चीच्या मधोमध पालथे पडले होते, कोपर फुटलेलं. विमान दिसताच ते सरळ पुढे गेले होते आणि कठडा समजून ताडपत्रीवर रेलले होते. सावंतने त्यांना मागे खेचून फेकलं. त्याच झटक्यात तो स्वतः पुढे गेला. बांबूने त्याचं वजन धरलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी कॅम्पातच बसली. मी सावधान उभा होतो.

"गच्ची कार्यक्रमात होती?"

"नाही, सर."

"वर जायचा हुकूम तू दिलास?"

"नाही, सर."

"मग नाईक सावंत आपल्या मर्जीने गेला?"

"हो, सर."

तीन उत्तरं. भिकूतात्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यानं मला ओढलं." सेटच्या खरखरीत आमचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. सावंत हुकूम मोडून गेला, असं ठरलं. त्याचा मृत्यू ड्यूटीवरचा धरला गेला नाही.

तेराव्याला मी चाळीत गेलो. सुलोचनावहिनींनी चहा पुढे ठेवला. "भावजी, तुम्ही सोबत होतात. हे हुकूम मोडणारे होते का हो?"

मी चहा प्यायलो. "वहिनी, आता झालं ते झालं," म्हणालो आणि उठलो. त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नाही.

आता मी रिटायर आहे. दहिसरला एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर. हाताखालची पोरं सेटवर 'क्लिअर' म्हणाली की मी स्वतः उठून बघून येतो. पोरं मागून हसतात. "साहेबांना विश्वासच नाही ना कुणावर." त्यांना वाटतं माझा भरवसा त्यांच्यावर नाही.

दर वर्षी पलटणीच्या स्थापनादिवशी कॅम्पातल्या स्मारकाच्या दगडासमोर नावं वाचतात. कामी आलेल्या प्रत्येकाचं. प्रत्येक नावानंतर जुने जवान एका आवाजात 'हाजिर' म्हणतात. मी जातो, शेवटच्या ओळीत उभा राहतो. शेवटचं नाव झालं की सगळे टोप्या घालतात. मी थोडा वेळ तसाच थांबतो. पुढचं नाव येत नाही.

भिकूतात्या नंतर आठ-नऊ वर्षं जगले, असं कळलं. गावात सांगत, मला एका फौजीने वाचवलं. त्यांनी त्याचं मोल चारचौघांत सांगितलं. मी, त्याचा हेड, ते करू शकलो नाही.

नाईक धोंडू सावंत ड्यूटीवर असताना गेला. हुकूम माझा होता. वाट मी पाहिली नव्हती, आणि पाहिली असं त्याला सांगितलं होतं. हे मेजरसाहेबांच्या जागी आज जो कुणी असेल त्याच्यापुढे सावधान उभं राहून सांगायचं आहे. त्याआधी घाटकोपरला, सुलोचनावहिनींच्या दारात उभं राहून. ते अजून राहिलेलं आहे.